पुरस्काराच्या यादीत आडनावं शोधण्याआधी

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी शास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो. इंजिनिअरिंगची पदवी घेतली, नोकरीला लागलो आणि गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. विज्ञानाच्या एखाद्या मोठ्या पुरस्काराबद्दल बोला, असं आयोजकांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा नोबेल असावं. पण नोबेलबद्दल तुम्ही शाळेपासून ऐकत आला आहात. मी आपल्याच देशातल्या एका पुरस्काराबद्दल बोलणार आहे: शांती स्वरूप भटनागर पुरस्कार. हे नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. बरं, पाच-सहा हात. एखाद्या क्रिकेटपटूचं नाव विचारलं असतं तर सगळे हात वर गेले असते. तक्रार करत नाही, फक्त नोंद करून ठेवतो.

आधी ज्यांच्या नावाने हा पुरस्कार दिला जातो ते गृहस्थ कोण, ते पाहू. शांती स्वरूप भटनागर यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातल्या भेरा गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. ते आठ महिन्यांचे असताना वडील वारले. मग ते आजोळी वाढले. आजोबा इंजिनिअर होते. घरात अवजारं, यंत्रं, खेळणी बनवण्याचा नाद होता आणि उर्दू शायरीही होती. भटनागरांना दोन्ही गोष्टींची गोडी लागली ती तिथेच. पुढे ते मोठे रसायनशास्त्रज्ञ झाले, तरी उर्दूत कविता लिहिणं त्यांनी सोडलं नाही. उर्दू ही फक्त मुशायऱ्याची भाषा, असं मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

लाहोरमध्ये शिक्षण झालं. शिष्यवृत्ती मिळाली आणि ते अमेरिकेला जायला निघाले. वाटेत लंडनला अडकले, कारण पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजांत परतणाऱ्या सैनिकांमुळे जागाच नव्हती. मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी प्रवेश घेतला आणि १९२१ मध्ये तिथून डी.एस्सी. मिळवली. परत आल्यावर आधी बनारस आणि नंतर लाहोरच्या पंजाब विद्यापीठात प्राध्यापक झाले.

लाहोरमधली एक हकिगत सांगतो. रावळपिंडीजवळ एक कंपनी तेलासाठी जमिनीत खोल भोकं पाडत होती. अशा खोदकामात भोकात चिखल सोडावा लागतो. तो गिरमिटाला थंड ठेवतो आणि खालचा चुरा वर आणतो. इथे अडचण अशी झाली की खाली खारं पाणी लागलं की चिखल घट्ट होऊन बसायचा आणि काम ठप्प व्हायचं. कंपनीची माणसं भटनागरांकडे आली. हा प्रश्न यंत्राचा नसून रसायनाचा आहे, हे त्यांनी ओळखलं. चिखलाचे सूक्ष्म कण मिठामुळे एकमेकांना चिकटतात, ते सुटे ठेवायला काहीतरी हवं. त्यांनी चिखलात एक देशी डिंक घालायला सांगितला. चिखल पातळ राहिला आणि काम सुरू झालं. कंपनीने खूश होऊन त्यांना दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळातले दीड लाख! भटनागर म्हणाले, हे पैसे मला नकोत, विद्यापीठाला द्या, संशोधनासाठी. त्या पैशांतून विद्यापीठात पेट्रोलियमवर संशोधन सुरू झालं.

पुढच्या दोन गोष्टी समजायला ही हकिगत उपयोगी पडते. पहिली, २६ सप्टेंबर १९४२ रोजी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, स्थापन झाली आणि तिची धुरा भटनागरांकडे आली. दुसरी, स्वातंत्र्यानंतर त्यांनी देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभी केली. पुण्यात पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आपली एनसीएल, त्यातलीच. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. ज्या माणसाचं जन्मगाव आणि उमेदीची वर्षं घालवलेलं शहर फाळणीत सरहद्दीपलीकडे गेलं, त्याने इकडे प्रयोगशाळा बांधायला घेतल्या. १ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं.

त्यांच्या स्मरणार्थ सीएसआयआरने हा पुरस्कार सुरू केला आणि १९५८ मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला. पहिले मानकरी भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन. सी. व्ही. रामन यांच्याबरोबर प्रकाशाच्या विकिरणावर काम करणारे ते हेच कृष्णन. तेव्हा त्यांचं वय साठीच्या घरात होतं. पुरस्कारासाठी ४५ वर्षांची वयोमर्यादा नंतर आली आणि तीच पुढे त्याची ओळख बनली. जीवशास्त्र, रसायन, पृथ्वी-वातावरण-सागर विज्ञान, अभियांत्रिकी, गणित, वैद्यक आणि भौतिकशास्त्र अशी सात क्षेत्रं होती. काम मुख्यतः भारतात केलेलं असावं लागे. २०२४ पासून केंद्र सरकारने विज्ञान पुरस्कारांची नवी रचना आणली. त्यात तरुण शास्त्रज्ञांसाठीचा पुरस्कार ‘विज्ञान युवा – शांती स्वरूप भटनागर’ या नावाने दिला जातो. म्हणजे नाव टिकलं आणि भर तरुणांवर राहिला.

या ४५ च्या अटीकडे जरा नीट बघा. नोबेल पुष्कळदा माणूस म्हातारा झाल्यावर मिळतं. भटनागर पुरस्कार मिळवायचा तर भारतातल्या प्रयोगशाळेत पंचेचाळिशीच्या आत काहीतरी ठोस करून दाखवावं लागतं. तुम्ही आज १८ ते २२ वर्षांचे आहात. हिशेब तुम्हीच करा.

आता काही मानकरी. १९६१ मध्ये रसायनशास्त्रासाठी असीमा चॅटर्जी यांना हा पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. कोलकात्यात राहून त्यांनी भारतीय वनस्पतींमधली औषधी द्रव्यं वेगळी काढण्याचं काम आयुष्यभर केलं. १९६२ मध्ये विक्रम साराभाई. १९७२ मध्ये गोविंद स्वरूप.

हे नाव आज इथे कल्याण-भिवंडी-मुंब्र्याकडून आलेल्या मुलांनी खास ऐकावं. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात १९६० च्या दशकात चक्क कल्याणमध्ये झाली. ऑस्ट्रेलियाने वापरून झालेल्या ३२ छोट्या तबकड्या भेट दिल्या होत्या. त्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी कल्याणजवळ उभारून सूर्याचा अभ्यास सुरू केला. तिथून उटी आणि उटीनंतर नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक. सुरुवात दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या सामानावर झाली होती, हे विसरू नका.

१९७८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. विश्वरचनाशास्त्रातलं त्यांचं काम जगाने मानलं. त्यांनी पुण्यात आयुका उभारली आणि आपल्यासाठी मराठीतून विज्ञानकथा लिहिल्या. १९८२ मध्ये रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचा मुलगा, लहानपणी वडील गेलेले, आईने कष्ट करून वाढवलं, शिक्षण मुंबईच्या पालिकेच्या शाळेत. पुढे ते सीएसआयआरचे महासंचालक झाले. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत दिलं गेलेलं पेटंट सीएसआयआरने आव्हान दिल्यामुळे १९९७ मध्ये रद्द झालं, ते त्यांच्याच काळात.

आता ज्यांच्याबद्दल मला जास्त बोलायचंय ते उबैद सिद्दीकी. पुरस्काराचं वर्ष १९७६, क्षेत्र जीवशास्त्र.

जन्म १९३२, उत्तर प्रदेशातलं बस्ती. शिक्षण अलिगढला. त्यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत गव्हाच्या आनुवंशिकतेवर काम सुरू केलं होतं. गारपीट झाली आणि प्रयोगाचं पीक आडवं झालं. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना यात काय जातं ते वेगळं सांगायला नको. सिद्दीकींनी मग असा विषय शोधला ज्यात प्रयोग प्रयोगशाळेत होईल आणि पिढ्या भराभर वाढतील. ते ग्लासगोला गेले आणि पोंटेकोर्वो यांच्याकडे बुरशीच्या आनुवंशिकतेवर पीएच.डी. केली. त्यानंतर अमेरिकेत ॲलन गॅरेन यांच्याबरोबर जिवाणूंवर काम केलं.

ते काम सॉफ्टवेअरवाल्याला लगेच कळतं, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. जनुक म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याची लिहिलेली सूचना. सूचना संपली की ‘थांबा’ अशी खूण असते. एखाद्या बिघाडामुळे ही खूण मध्येच उमटली, तर प्रथिन अर्धवट बनतं. पण जिवाणूत दुसऱ्याच ठिकाणी असा एखादा बदल होऊ शकतो, ज्यामुळे ती चुकीची खूण ओलांडून वाचन पुढे चालू राहतं. गॅरेन आणि सिद्दीकी यांचं १९६२ चं काम याच प्रकारच्या दुरुस्तीबद्दल होतं. जनुकीय संकेतातला पूर्णविराम ओळखण्याच्या वाटेवरचा तो महत्त्वाचा टप्पा ठरला.

तेव्हा अमेरिकेत राहणं सहज शक्य होतं. पण भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी होमी भाभांकडे त्यांची शिफारस केली आणि १९६२ मध्ये सिद्दीकी मुंबईत आले. टाटा मूलभूत संशोधन संस्था, टीआयएफआर, कुलाबा. भौतिकशास्त्र आणि गणिताच्या या संस्थेत तिशीतल्या एका तरुणाने रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. देशात हा विषय तेव्हा नावालाही नव्हता.

पुढे ते फळमाशीकडे वळले. केळं पिकलं की घरात घिरट्या घालते तीच माशी. कॅलिफोर्नियात सीमूर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी अशा माश्यांचा अभ्यास केला, ज्या तापमान वाढवलं की लुळ्या पडतात आणि कमी केलं की पुन्हा उठून चालू लागतात. जनुकातल्या एका बिघाडामुळे मज्जातंतूंचं विजेचं काम कसं थांबतं, हे त्यातून दिसलं. मुंबईत परतल्यावर प्रश्न घेतला तो असा की माशीला वास कसा येतो आणि चव कशी कळते? प्रश्न साधा वाटतो. पण मेंदू बाहेरचं जग कसं ओळखतो, हाच तो प्रश्न आहे, फक्त छोट्या मेंदूत विचारलेला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बंगळुरूमध्ये राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, एनसीबीएस, उभं केलं. २००६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २०१३ मध्ये ते गेले. अखेरपर्यंत प्रयोगशाळेत येत होते.

आता अवघड भागाकडे येतो. अशी यादी हातात आली की आपण काय करतो? आडनावं शोधतो. “यात आपले किती?” मराठी माणूस ‘कर’ने संपणारी नावं शोधतो आणि आपण सिद्दीकी, खान, शेख शोधतो. यात गैर काही नाही. ओळखीचं नाव दिसलं की छाती भरून येते. व्हॉट्सॲपवर इब्न अल-हैसम आणि अल-ख्वारिझ्मी यांचे संदेश फिरतात, तेही याच भुकेतून. माझ्या धंद्यात रोज ‘अल्गोरिदम’ हा शब्द वापरतात, तो ख्वारिझ्मींच्याच नावावरून आलाय, हे सांगताना मलाही बरं वाटतं.

पण मोजणी तिथेच थांबली तर दोन गोष्टी निसटतात.

पहिली गोष्ट. सिद्दीकींच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेत व्हेरोनिका रॉड्रिग्ज नावाची एक विद्यार्थिनी आली. जन्म केनियातला, मूळ गोव्याचं. माशीला वास आणि चव कशी कळते यावरचं बरंच मूलभूत काम तिने आणि सिद्दीकींनी मिळून केलं. पुढे ती स्वतः मोठी शास्त्रज्ञ झाली आणि तिने अनेक विद्यार्थी घडवले. तिचं नाव भटनागर पुरस्काराच्या यादीत नाही. सहा दशकांत पाचशेहून अधिक मानकरी झाले आणि त्यात स्त्रियांचं प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी. असीमा चॅटर्जींनंतर दुसऱ्या स्त्रीचं, अर्चना शर्मांचं, नाव यायला चौदा वर्षं लागली. २०२२ च्या बारा मानकऱ्यांत एकही स्त्री नव्हती. याच मुंबईत टीआयएफआरमध्ये मेंदूवर काम करणाऱ्या शुभा टोळे यांना २०१० मध्ये आणि विदिता वैद्य यांना २०१५ मध्ये हा पुरस्कार मिळाला, ही त्यातली चांगली बातमी. मुद्दा असा की आपलं नाव यादीत कमी का, असा प्रश्न जो समाज विचारतो, त्याने आपल्या घरातल्या मुलींबद्दलही तोच प्रश्न विचारायला हवा.

दुसरी गोष्ट. यादी हे नळाचं टोक आहे. टोकाला किती पाणी येतं ते टाकीत किती सोडलं त्यावर ठरतं. वाटेत गळती नाही असं मी म्हणणार नाही. आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते, इंग्रजी कच्चं म्हणून मागच्या बाकावर बसवलं जातं, घरात पहिलीच पिढी शिकत असते. हे सगळं खरं आहे आणि त्याविरुद्ध बोलायलाच हवं. पण टाकीचं झाकण बऱ्याचदा आपल्याच घरात असतं.

माझ्या मामेबहिणीला बारावीला भौतिकशास्त्रात उत्तम गुण आहेत. तिला बी.एस्सी. करून पुढे संशोधनात जायचंय. घरात सध्या हीच चर्चा चालू आहे. मामू म्हणतात, “बी.एस्सी. करून करणार काय? शिकवण्या घेणार? भाईजानसारखं कॉम्प्युटर कर.” तो भाईजान म्हणजे मी. मामूंचा राग येत नाही. हातगाडीवर आयुष्य काढलेल्या माणसाने मुलीच्या पोटापाण्याची काळजी केली तर ती चूक कशी म्हणणार? त्यांना कोणी आकडे सांगितलेले नाहीत, एवढंच. म्हणून आकडे सांगतो, घरी जाऊन सांगा.

नेट परीक्षेतून संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. म्हणजे पीएच.डी. हे पगार घेऊन शिकणं आहे. बारावीनंतर पुण्यातल्या आयसरमध्ये पाच वर्षांचा विज्ञान अभ्यासक्रम आहे, त्याची वेगळी प्रवेश परीक्षा असते. पदवीनंतर ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येते. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. विज्ञान ऑलिम्पियाडचं काम तिथून चालतं. कुर्ल्याहून हार्बर लाइनने काही स्टेशनं. गोवंडी-मानखुर्दची मुलं रोज त्याच्या आसपासून जातात आणि आत काय आहे हे त्यातल्या अनेकांना माहीत नसतं. खोडदची दुर्बीण राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांसाठी खुली असते. एक बस करून जा. अम्मी-अब्बांनाही न्या.

आणि माझ्यासारखे कॉम्प्युटरवाले, तुम्हीही सुटका झाली असं समजू नका. २००२ मध्ये आयआयटी कानपूरमधून एक नऊ पानांचा निबंध बाहेर पडला. लेखक मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे कुठल्याही नशिबावर किंवा सिद्ध न झालेल्या गृहीतकावर न विसंबता वेगाने तपासता येतं, असं त्यांनी सिद्ध केलं. जगभरचे गणिती कित्येक वर्षं याच्या मागे होते. कयाल आणि सक्सेना यांनी तेव्हा नुकतंच बी.टेक. केलं होतं. हे काम त्यांच्या बी.टेक.च्या प्रकल्पातून वाढलं होतं. आपण शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कुठून आणतो, हे मी इथे विचारत नाही. पुढे तिघांनाही भटनागर पुरस्कार मिळाला: अग्रवालांना २००३ चा, सक्सेनांना २०१८ चा आणि कयालांना २०२२ चा. कयाल तर बंगळुरूला मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात काम करतात. म्हणजे कंपनीत राहूनही हे होतं.

शेवटी एक साधी विनंती. या सभागृहात साधारण दीडशे जण आहेत. सगळ्यांनी शास्त्रज्ञ व्हावं असं मी म्हणत नाही, सगळ्यांना ते जमणार नाही आणि आवडणारही नाही. पण ज्या दोघा-चौघांना एखादा प्रश्न रात्री झोपू देत नाही, त्यांना बाकीच्यांनी साथ द्यावी. कोणी अर्जाचे पैसे भरावेत, कोणी इंग्रजी सुधारून द्यावं, कोणी मैत्रिणीच्या घरी जाऊन तिच्या अब्बांना ३७,००० चा आकडा सांगावा. मामूंकडे पुढच्या रविवारी मी जाणार आहे. तुमच्या मोहल्ल्यातल्या मामूंकडे तुम्ही जा.